दहा म्हणजे दहा

जगात आजवर जेवढी भांडणं झाली, तेवढी सगळी दारातून आत शिरताना कमरेत नीट न वाकल्यामुळे झाली, असं मनापासून मानणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. भावाभावांमधले वाद, सोसायटीच्या सभेतली हमरीतुमरी, देशादेशांमधली युद्धं, या सगळ्यांवर त्यांच्याकडे एकच उपाय आहे: दाराशी थांबा, टाचा जुळवा, तीस अंशांत वाका, आणि मग आत या. तीस हा आकडा मी पदरचा घातलेला नाही. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मी एकदा त्यांच्या भिंतीवरच्या सावलीला लावून पाहिला होता. एकतीस भरले. वरचा एक अंश वयाचा असावा.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. वय सत्तावन्न, उंची पाच फूट चार इंच, आणि मान अशी की शर्टाचं वरचं बटण लग्नानंतर कधी लागलेलं नाही. डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनापासून माझ्या सहाशे दहा पावलांवर एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ते गेली बावीस वर्षं फुल कॉन्टॅक्ट कराटे शिकवतात. कराटेच्या इतर वर्गांत बुक्की समोरच्याच्या छातीपासून चार बोटं अलीकडे थांबवतात, असं मी ऐकून आहे. आमच्या वर्गात ती थांबवत नाहीत. चेहऱ्यावर हाताने मारायचं नाही, एवढी एक सवलत आहे. बाकी छाती, पोट आणि मांड्या या सार्वजनिक मालमत्तेसारख्या सगळ्यांना खुल्या. आणि फटका खाल्ल्यावर मारणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा. मी पहिल्या महिन्यात पहिली लाथ खाल्ली, तेव्हा मांडीवर उठलेला डाग घरी येऊन फूटपट्टीने मोजला होता. अकरा सेंटिमीटर लांब, सात रुंद. बायको म्हणाली, "आणि तुम्ही त्या माणसाचे आभार मानलेत?" मी म्हटलं, "दोनदा. पहिल्यांदा नीट वाकलो नव्हतो."

मी तिथे कसा गेलो, तेही सांगायला हवं. मी ठाण्याला कोपरीत राहतो आणि औषधांच्या एका कारखान्यात तपासणीचं काम करतो. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये दहाच गोळ्या आहेत ना, नऊ नाहीत ना, अकरा नाहीत ना, हे पाहण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडा सांगितला आणि व्यायाम करा म्हणाले. ही बातमी बायकोकडून ताईंकडे आणि ताईंकडून साडूंकडे अर्ध्या तासात पोचली. दुसऱ्या दिवशी साडू आमच्या दारात उभे. वाकून आत आले, माझ्या चपलांची टोकं दाराकडे फिरवली आणि म्हणाले, "मंगळवार, गुरुवार संध्याकाळी आणि रविवारी सकाळी. तुम्ही यायचंच. नखं कापून या." मी कोपरीहून कोपरला जाऊ लागलो.

पहिल्याच दिवशी मला एक धक्का बसला, आणि तो लाथेचा नव्हता. आमच्या नात्यात ते मला पहिल्यापासून अहो-जाहो करतात. साडूला अरेतुरे करायची आमच्याकडे पद्धत नाही. खाली कार्यालयाच्या फाटकाशी ते म्हणाले, "या, या, तुम्हाला जिना चढायला त्रास नाही ना?" मग दोघेही वर आलो, हॉलच्या दाराशी वाकलो, आत पाऊल टाकलं, आणि तोच माणूस त्याच आवाजात म्हणाला, "घड्याळ काढ. पोट आत घे. तिकडे शेवटी उभा राहा." मला वाटलं, माझ्यामागून आणखी कोणी आलं असावं. वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. दीड तासाने वर्ग संपला, आम्ही वाकून बाहेर पडलो, आणि उंबरठ्यापलीकडे पाय पडताच ते म्हणाले, "तुम्हाला फार लागलं तर नाही ना? हिने तुमच्यासाठी थालीपीठ पाठवलंय." दाराच्या आत तू, दाराबाहेर तुम्ही. हा नियम त्यांनी तीन वर्षांत एकदाही मोडला नाही. एकदा मी चप्पल घालायला एक पाय बाहेर आणि एक आत असा उभा होतो, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. माझा दुसरा पाय बाहेर येईपर्यंत थांबले.

चपलांचं त्यांचं प्रेम हा स्वतंत्र विषय आहे. पायताणं भिंतीला समांतर, टोकं बाहेर, जोडीत दोन बोटांचं अंतर. हॉलमध्ये हे ठीक आहे. पण आमच्या इमारतीतल्या सत्यनारायणाला ते आले आणि दाराबाहेर अस्ताव्यस्त पडलेल्या चपला पाहून त्यांचा जीव कासावीस झाला. पूजा चालू असताना ते अर्धा तास दिसले नाहीत. आरतीला परत आले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. प्रसाद घेऊन लोक बाहेर पडले तर जिन्यापासून लिफ्टपर्यंत त्रेसष्ट जोड एका रेषेत, आणि तेही मापाने लावलेले: लहान मुलांच्या सहा नंबरपासून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या अकरा नंबरपर्यंत. बायकांच्या आणि पुरुषांच्या चपला मिसळल्या होत्या, आणि आठ नंबरचे काळे सँडल एकूण चौदा जोड निघाले. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना त्यांचा जोड तीन दिवसांनी मिळाला. साडूंना यात आपली चूक काही वाटली नाही. "स्वतःचं माप माहीत असलं की झालं," म्हणाले.

त्यांचा आणखी एक नाद म्हणजे 'ओस' हा शब्द. कराटेच्या वर्गांत तो नमस्काराला वापरतात, होकाराला वापरतात आणि समजलं म्हणायलाही वापरतात. मी एका आठवड्यात त्यांनी तो किती अर्थांनी वापरला त्याची नोंद ठेवली होती. सतरा झाले. त्यात "भाजीत मीठ कमी आहे" हाही एक होता, आणि ताईंना तो बरोबर कळतो. दाढ काढायला ते दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखतंय का?" हे म्हणाले, "ओस." बाईंनी आणखी एक इंजेक्शन दिलं. "आता बधिर झालं?" "ओस." शेवटी त्या बाहेर येऊन ताईंना म्हणाल्या, "अहो, तुम्ही आत या. मला हे हो म्हणतायत की नाही, तेच कळेना." ताई म्हणाल्या, "लग्नाला एकतीस वर्षं झाली, मलाही सगळं कुठे कळतं? तुम्ही काढा दाढ." दाढ निघाल्यावर ते खुर्चीतून उठले, बाईंसमोर टाचा जुळवल्या आणि वाकले. बाईंनी ती दाढ त्यांना डबीत घालून दिली, ती ताईंच्या देव्हाऱ्याखालच्या खणात अजून आहे.

हॉल मंगल कार्यालयावर असल्याने रविवारी सकाळी मुहूर्त आणि वर्ग एकमेकांवर येत. खाली भटजी अंतरपाट धरून उभे, आणि वर आम्ही सव्वीस जण लाथ मारताना पोटातून ओरडतोय. एकदा खाली "सावधान" आणि वर आमची आरोळी एकाच क्षणी झाली, आणि नवरदेव दचकून पाटावरून खाली उतरला. कार्यालयाचे मॅनेजर धापा टाकत वर आले. "सर, मुलाकडचे विचारतायत वर काय चाललंय. मी काय सांगू?" साडूंनी त्यांना आधी परत दाराशी पाठवलं आणि वाकून आत यायला लावलं. मग ऐकून घेतलं. मंगलाष्टकांची वेळ ही पवित्र आहे, हे त्यांना पटलं. तेव्हापासून मुहूर्ताची दहा मिनिटं आम्ही मूक आरोळी देतो. तोंड पूर्ण उघडायचं, मान ताठ, डोळे विस्फारलेले, आवाज मात्र पोटातच ठेवायचा. खालून मसालेभाताचा वास येत असतो. बाहेरच्या माणसाने त्या वेळी आत डोकावलं तर सव्वीस माणसं एकदम जांभई देत एकमेकांना मारतायत, असं वाटेल.

पण साडूंचा खरा जीव अंकांत आहे, आणि आमचं जमलं तेही इथेच. आमच्या वर्गात जपानी अंक मोजतात: इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, कु, जू. एक ते दहा. त्यापुढे जायचं नाही. शंभर करायचे असतील तर दहा वेळा दहा. आणि दहात एकाचीही लाथ कमरेच्या खाली राहिली, एकाचाही जोर अर्धवट झाला, की साडू शांतपणे म्हणतात, "इची." म्हणजे सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मी पहिल्या वर्षी हिशोब केला होता. ते पन्नास जोर म्हणाले की सरासरी एकाहत्तर होतात. लोक हळू आवाजात कुरकुरत. मी मात्र मनातून सुखावलो होतो. पंचवीस वर्षं कारखान्यात मी एका गोळीसाठी अख्खी पेटी परत पाठवतो म्हणून लोक माझ्यावर चिडत आलेत, आणि इथे मला पहिल्यांदाच असा माणूस भेटला ज्याला नऊ आणि दहा यांत फरक आहे असं वाटत होतं. "दहा म्हणजे दहा," ते म्हणत. "साडेनऊला दहा म्हणायला लागलास की मग तू काहीही म्हणशील." दुसऱ्या वर्षापासून वर्गाची मोजणी त्यांनी माझ्याकडे दिली. पट्टा माझा पिवळा, म्हणजे खालून दुसरा-तिसरा, पण अंक म्हणायचा मान माझा. माझ्याकडून कधी चूक झाली नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, पुढे जे झालं ते कळावं म्हणून लिहितो.

हॉलच्या भिंतीवर एक प्लायवूडची पाटी आहे. वर्ग सुरू केला त्या वर्षी साडूंनी स्वतः रंगवलेली. अक्षर वळणदार नाही, पण मजकूर स्पष्ट आहे: 'जो शिकवतो त्याने दरवर्षी आपल्या दहा शिष्यांशी सलग दहा लढती कराव्यात. पडल्यास दहा अंक संपण्याच्या आत उठावे. न उठल्यास शिकवणे सोडून रांगेत उभे राहावे.' हा नियम त्यांना कोणी लावलेला नव्हता. पस्तिसाव्या वर्षी, अंगात रग असताना, त्यांनी तो स्वतःच स्वतःला लावून घेतला आणि खाली सही केली. वर्गाच्या वाढदिवसाच्या रविवारी या दहा लढती होतात. प्रत्येक लढत दीड मिनिटाची, मध्ये अर्ध्या मिनिटाचा श्वास. एकवीस वर्षं ते उभे राहिले. त्यातल्या शेवटच्या वर्षी मोजणी माझी होती, आणि मला 'सान'च्या पुढे जावं लागलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचा डावा गुडघा गेला. गेला म्हणजे जिना उतरताना ते बाजूने उतरू लागले, खेकड्यासारखे. हाडांच्या डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो पाहून सांगितलं की आता साधी मांडीसुद्धा घालू नका. साडूंनी ओस म्हटलं आणि त्याच संध्याकाळी आमच्यासमोर वीस मिनिटं वज्रासनात बसले. वाढदिवसाला तीन आठवडे उरले होते. वर्ग हातून गेला तर हा माणूस दिवसभर घरात कोणाला वाकून नमस्कार करणार, हा प्रश्न ताईंच्या, माझ्या बायकोच्या आणि माझ्याही मनात होता. तो कोणी बोलून दाखवला नाही. ताईंनी मला फोन केला.

"यंदाही तुम्हीच मोजणार ना?"

"हो, ताई."

"मग जरा सावकाश मोजा. पडलेच तर म्हणते. तुम्ही काय, घड्याळ थोडंच आहात?"

"ताई, ते मला जमणार नाही."

"तुम्हाला कळतंय ना, मंगळवार-गुरुवार नसले तर यांचं काय होईल?"

"कळतंय. पण त्यांनी मोजायला मला का घेतलं, तेही मला माहीत आहे."

ताईंनी फोन ठेवला. बायको शेजारी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "एक माणूस आहे तो. तुमच्या त्या स्ट्रिपमधल्या गोळ्या नव्हेत." चार दिवस आमच्याकडे जेवणात बोलणं नव्हतं. मी रोज सकाळी अंघोळ करताना घड्याळ समोर ठेवून दहापर्यंत मोजत होतो. प्रत्येक अंकाला एक सेकंद. चुकू नये म्हणून.

वाढदिवसाच्या रविवारी सकाळी सव्वासातला साडू हॉलवर होते. चपला लावून झाल्या होत्या. लढतींचा क्रम खालच्या पट्ट्यापासून वर, त्यामुळे दहावी लढत मंजिरीची. मंजिरी खडवलीहून येते, कल्याणच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, दोन मुलांची आई, आणि आमच्या वर्गातली सगळ्यात ज्येष्ठ शिष्या. तिची उजवी लाथ मांडीवर बसली की दोन दिवस जिना आठवतो. साडूंनी, वर्गातल्या भाषेत सेन्सेईंनी म्हणजे गुरुजींनी, तिला आधी बाजूला बोलावलं. मी जवळच होतो.

"माझा गुडघा तुला माहीत आहे."

"ओस. एक्स-रे मीही बघितलाय, सेन्सेई."

"म्हणून हात आखडता घेतलास तर तुझा पट्टा मी उतरवून घेईन."

"गुडघ्यावर मी मारणार नाही," मंजिरी म्हणाली. "गुडघ्यावर तसंही कोणावरच मारायचं नसतं, तुम्हीच शिकवलंयत. पण मांडीवर मारीन. आणि जोरात मारीन. मग नंतर बर्फ लावायला पण मीच येईन, चालेल?"

"ओस," साडू म्हणाले. हा अठरावा अर्थ होता, मला तो नीट सांगता येणार नाही.

पहिल्या पाच लढती त्यांनी शिकवण्यातच घालवल्या. समोरच्याला मारता मारता "कोपर खाली, श्वास सोड" असं सांगत होते. सहावीत ते गप्प झाले. सातवीत त्यांचा डावा पाय मागे ओढला जाऊ लागला. आठवीनंतरच्या अर्ध्या मिनिटात त्यांनी घाम पुसला. आमच्यात घाम पुसायचा तर समोरच्याकडे पाठ करायची असते, आणि तेवढं वळायलासुद्धा त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. नववी कशीबशी झाली. खाली कार्यालयात मंगलाष्टकं सुरू झाली होती. मुहूर्त जवळ आला होता, म्हणून दहावी लढत मूक झाली. बाकीचे सगळे भिंतीला लागून वज्रासनात, कोणाचाही आवाज नाही, फक्त मांडीवर नडगी बसल्याचे आवाज. एक मिनिट दहा सेकंद झाले होते. मंजिरीने डावीकडे झुकून उजवी लाथ घातली. मांडीवरच, जिथे मारायची तिथेच. साडू बसल्यासारखे खाली गेले आणि मग आडवे झाले.

मी मोजायला सुरुवात केली. इची. नी. ते छताकडे पाहत होते. सान. शी. एक हात जमिनीवर टेकला. गो. ताई दाराशी उभ्या होत्या. रोकु. त्यांनी कूस बदलली. पुढचं मला जसं आठवतं तसं लिहितो: शिची, हाची, आणि मी 'कु' म्हटल्यावर ते उभे राहिले. डोलत होते, पण उभे होते. उरलेले वीस सेकंद मंजिरी आणि ते एकमेकांना अक्षरशः धरून मारत होते. मी वेळ संपल्याचं सांगितलं. खाली मंगलाष्टकं संपून टाळ्या झाल्या आणि त्याच वेळी वरही झाल्या. ताई पदराने डोळे पुसत होत्या, आणि पाठ वळवायचं विसरल्या होत्या.

साडू पुढे जाऊन वज्रासनात बसले. आम्ही सगळे बसलो. डोळे मिटून एक मिनिट शांत राहायचं असतं, तसे राहिलो. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "किती मोजलंस?"

"नऊ."

"नऊ नाही. दहा. तुझे सहा दोन झाले."

मला हसू आलं. मी म्हटलं, "सेन्सेई, शक्य नाही."

"रोकु म्हणालास, मी कुशीवर झालो. मग पुन्हा रोकु म्हणालास."

"तुम्ही पडलेले होतात. भोवळ आली असेल."

"पडलेल्या माणसाला अंक जास्त नीट ऐकू येतात," ते म्हणाले.

मंजिरीच्या नवऱ्याने तिची लढत मोबाइलवर घेतली होती. तो मागे भिंतीशी उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की फोन घरी विसरला असता तर बरं झालं असतं. मीच तो मागितला. सगळे भोवती जमले, आणि आम्ही सव्वीस माणसांनी बोटांवर मोजत तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मंगलाष्टकांच्या आवाजात माझा आवाज स्पष्ट होता. इची, नी, सान, शी, गो, रोकु. एक सेकंद. रोकु. शिची, हाची, कु. दहा. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी जी चूक शोधत आलो, ती मी तिथे माझ्याच तोंडून ऐकली.

मंजिरी म्हणाली, "पंचाचा निर्णय अंतिम असतो, सेन्सेई. त्यांनी नऊ म्हटलं म्हणजे नऊ."

"पंच चुकला तर पंचाने वीस जोर काढायचे. पण नियम बदलत नाही." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काढ."

मी काढले. त्यांनी स्वतः मोजले. सतरावा अर्धवट झाला, तर म्हणाले, "इची." एकूण सदतीस झाले. मी शेवटचा काढून उठलो तेव्हा ते आपल्या पुढच्या जागेवरून उठले होते आणि मंजिरीला तिथे बसायला सांगत होते. ती बसेना. ते म्हणाले, "बस गं. माझा पाय दुखतोय, किती वेळ उभा राहू?" तेव्हा ती बसली. मग तिच्याकडे तोंड करून ते वाकले. कोनमापक माझ्याजवळ नव्हता, पण तीसपेक्षा बरेच जास्त अंश होते.

त्यानंतर घराघरांतून जे झालं ते मला अजून उलगडत नाही. ताईंनी फोन करून सांगितलं, "तुम्ही जमवलंत हो, यांनीच बिघडवलं." मी म्हटलं, "ताई, मी काही जमवलं नाही. ती चूक होती." त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे." बायकोने त्या संध्याकाळी काही कारण नसताना शिरा केला, आणि माझी साखर माहीत असूनही वाटीभर वाढला. मी तिलाही सांगितलं की ती चूक होती. तिने आणखी एक चमचा वाढला. आयुष्यभर मी खरं बोललो म्हणून लोक माझ्यावर रुसले, आणि न केलेल्या लबाडीबद्दल मला शिरा मिळाला. मी ती केली नव्हती, हे मी इथेही लिहून ठेवतो. ठामपणे लिहायला गेलो की मात्र तो एक सेकंद आठवतो, आणि त्या सेकंदात मी दाराशी उभ्या असलेल्या ताईंकडे पाहत होतो, हेही आठवतं.

पुढच्या मंगळवारी मी गेलो तर चपला लागलेल्या होत्या आणि साडू रांगेत होते. पट्ट्याच्या मानाने त्यांची जागा पहिली. पण पाटीवर नुसतं 'रांगेत' लिहिलेलं आहे, कुठे ते नाही; त्यांनी स्वतःच शेवट निवडला होता. तिथे माझी जागा होती. मी बिचकत जवळ उभा राहिलो, तर ते हळूच म्हणाले, "अहो, जरा सरकता का? तुम्हाला हात फिरवायला जागा होईल."

आम्ही हॉलच्या आत होतो. दारापासून चांगले बावीस फूट आत. मला मंजिरीची लाथ बरी वाटली असती.

असे चार महिने गेले. मंजिरी उत्तम शिकवते. ती चिडत नाही, पाणी प्यायला सुट्टी देते, आणि वर्गात आता एकतीस जण झालेत. साडूंचा गुडघा विश्रांतीने जरा सुधारला. ती सांगते तेवढंच ते करतात, आणि तिने "बस झालं" म्हटलं की ओस म्हणून थांबतात. मला मात्र दाराच्या आतही तुम्ही, बाहेरही तुम्ही. मोजणी माझ्याकडे राहिली नव्हती. मीच सोडली होती.

मागच्या गुरुवारी मंजिरी म्हणाली, "आज मोजणी तुम्ही करा, सेन्सेई." ती त्यांना अजून सेन्सेईच म्हणते. शंभर लाथा होत्या. साडूंनी रांगेच्या टोकाकडून आवाज लावला, तोच जुना, पोटातून आलेला. इची, नी, सान, शी, गो, रोकु, रोकु, शिची. मी एकदम वळून पाहिलं. ते सरळ समोर पाहत होते. पुढच्या दहातही सहा दोनदा. त्याच्या पुढच्याही. मंजिरीच्या लक्षात आलं असणारच, पण तिने भिंतीवरच्या पाटीकडे पाहत ओठ घट्ट मिटले होते. एकतीस माणसांनी शंभर म्हणून एकशेदहा लाथा मारल्या, आणि कोणी कुरकुर केली नाही.

वर्ग संपल्यावर आम्ही दाराशी आलो. ते आधी वाकले, मग मी वाकलो. बाहेर पाऊल टाकण्याआधी मी म्हटलं, "सेन्सेई, आज सहा दोनदा होत होते. दहाही वेळा."

त्यांनी आमच्या पायांकडे पाहिलं. चारही उंबरठ्याच्या आत होते.

"तुझ्याकडूनच शिकलो," ते म्हणाले.

मग त्यांनी बाजूने, खेकड्यासारखा, डावा पाय बाहेर टाकला, मग उजवा, आणि वळून माझ्यासाठी हात पुढे केला. "या," म्हणाले, "सावकाश. तुम्हाला स्टेशनपर्यंत सोडतो."